भिंत कुणाची, भाडं कुणाचं?

(युवक अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले. बरोबर आहे. वस्तीत नळाला पाणी नाही, पोरं डिगऱ्या घेऊन नाक्यावर उभी आहेत, आणि हा बाबा चित्रांच्या गॅलरीवर बोलणार! हसून घ्या. मग मला सांगा, तुमच्यापैकी किती जण एखाद्या खाजगी गॅलरीच्या काचेच्या दारातून सरळ आत गेलात? तिकीट नसतं. दारावर कुणी अडवत नाही. तरी पाय बाहेरच थबकतो. का थबकतो? गावच्या देवळाच्या पायरीवर आपल्या बापजाद्याचा पाय का थबकायचा ते आठवा. उत्तर तिथंच मिळेल.

आधी ही खाजगी गॅलरी काय भानगड असते ते समजून घेऊ. चार पांढऱ्या भिंती, वर दिवे, दारावर पाटी आणि एक मालक. कुणाचं चित्र लागणार ते मालक ठरवतो. चित्र विकलं तर साधारण अर्धे पैसे गॅलरीचे, अर्धे चित्रकाराचे. लागलेलं चित्र समीक्षक बघतो. त्याचं वाचून शेटजी विकत घेतो. शेटजीनं घेतलं म्हणून म्युझियम घेतं. म्युझियमनं घेतलं म्हणून ते पुस्तकात छापलं जातं, आणि तेच पुस्तक आपल्या पोरांना आर्ट स्कूलमध्ये शिकवलं जातं. या साखळीची पहिली कडी म्हणजे ती पांढरी भिंत. ज्याला भिंत नाही त्याचं काम ‘लोककला’ ठरतं, ‘हस्तकला’ ठरतं, नाहीतर ‘प्रचार’ ठरतं. कला ठरत नाही.

म्हणून आज मी एकाच गॅलरीचा इतिहास सांगणार आहे. ती न्यूयॉर्कमध्ये होती, १९७४ ते १९८६. नाव ‘जस्ट अबव्ह मिडटाऊन’. लोक तिला ‘जॅम’ म्हणत. पावाला लावायचा जॅम नव्हे. गोऱ्यांच्या घशात अडकलेला जॅम म्हणा हवं तर.

न्यूयॉर्कला एवढ्या लांब का जायचं, असं विचाराल. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव आपण तिकडून घेतलं. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरात पुढं काय काय झालं, भांडणं कशावरून झाली, कुठं जिंकले, कुठं बुडाले, हे माहीत असणं आपलं काम आहे. त्यांची मूठ आपण पोस्टरवर छापली, त्यांच्या भिंतीची हकिकत मात्र वाचली नाही.

आता मूळ भांडणाकडे या. जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं, ‘हार्लेम ऑन माय माइंड’. हार्लेम म्हणजे त्या शहरातली काळ्यांची वस्ती. प्रदर्शनात फोटो होते, आवाज होते, माहितीचे तक्ते होते. पण हार्लेममध्ये बसून चित्रं काढणाऱ्या काळ्या चित्रकारांची चित्रं नव्हती. म्हणजे वस्ती बघायला पाहिजे, वस्तीतला चित्रकार नको. काळा माणूस विषय म्हणून चालेल, कर्ता म्हणून चालणार नाही. हा डाव आपल्या ओळखीचा आहे. आपल्या दुःखावर सिनेमे निघतात, पीएच.ड्या होतात, आणि कॅमेऱ्यामागे, टेबलामागे बसलेला माणूस बघावा तर तोच, नेहमीचा.

काळे चित्रकार म्युझियमसमोर फलक घेऊन उभे राहिले. घोषणा झाल्या. मागणी अशी की आम्हाला आत घ्या, आमचे लोक नेमा. ही मागणी रास्तच होती. पण त्याच सुमाराला काही जणांनी दुसरी वाट धरली. कुणाच्या दाराशी उभं राहायचं नाही, आपलं दार आपण बसवायचं. लॉस एंजेलिसमध्ये १९६७ साली दोघा डेव्हिस भावांनी ब्रॉकमन गॅलरी काढली. त्याच शहरात सुझन जॅक्सन या चित्रकार बाईनं ‘गॅलरी ३२’ चालवली. तिथं १९६९ साली ब्लॅक पँथरच्या पेपरचा चित्रकार एमरी डग्लस याचं प्रदर्शन लागलं, पक्षाला मदत म्हणून. १९६८ साली हार्लेममध्ये स्टुडिओ म्युझियम उघडलं. अशी जमीन तयार होत होती.

याच स्टुडिओ म्युझियममध्ये शिक्षण विभाग बघणारी एक पोरगी होती, लिंडा गुड ब्रायंट. जन्म १९४९ चा, ओहायो राज्यातला. वय पंचवीस, पदरी दोन लहान मुलं, आणि ती एकटीनं वाढवायची. तिनं डेव्हिड हॅमन्स या चित्रकाराला विचारलं, तुझं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये कधी? तो म्हणाला, गोऱ्यांच्या गॅलरीत मी लावत नाही. बाई म्हणाली, मग मलाच गॅलरी काढावी लागेल. आणि काढली. नोव्हेंबर १९७४.

कुठं काढली ते ऐका. हार्लेममध्ये नाही. मॅनहॅटनच्या ५७ व्या रस्त्यावर, जिथं शहरातल्या बड्या बड्या, पैसेवाल्या गॅलऱ्या होत्या तिथं. म्हणजे आपल्याकडे कुणी वस्तीतलं उठून थेट काळ्या घोड्याला पाटी लावावी तसं. घरमालकानं भाडं सांगितलं महिना १००० डॉलर. बाईनं घासाघीस करून ते ३०० वर आणलं. तेवढेही खिशात नव्हते. पण तिचा हिशेब पक्का होता. आपल्या चित्रकाराला वस्तीत भिंत दिली तर लोक म्हणतील, वस्तीतली कला. त्याच लिफ्टनं वर येऊन, त्याच रस्त्यावर बघायला लावलं की तुलना टळत नाही. वेगळा पाणवठा नको, चवदार तळ्यावरच जायचं. महाडची ही रीत आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

इथपर्यंत टाळ्या वाजवायला सोपं आहे. काळी बाई, गोऱ्यांचा रस्ता, आपली गॅलरी, जिंदाबाद. खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते, आणि ती आपल्याला जरा टोचणार आहे.

हॅमन्स तोवर गाजला होता त्याच्या अंगठशांसाठी. म्हणजे काय, तर स्वतःच्या अंगाला मार्गारिन, तेल फासायचं, कागदावर अंग दाबायचं आणि त्या तेलकट ठशावर रंगाची पूड टाकायची. काळ्या माणसाचं आख्खं शरीर कागदावर उमटायचं. लोकांना ते भिडायचं, विकलंही जायचं. १९७५ साली जॅममध्ये त्याचं प्रदर्शन लागलं, तेव्हा लोक ते ठसे बघायला आले. बघतात तर भिंतीवर तपकिरी कागदी पिशव्या. त्यावर तेलाचे डाग, चिकटवलेले केस, आणि खाऊन उरलेली हाडं. ‘तेलकट पिशव्या आणि बार्बेक्यूची हाडं’ हे त्या प्रदर्शनाचं नावच होतं.

गोरे जाऊ द्या, काळेच भडकले. हे काय कचरा लावलाय? ही कसली काळ्यांची कला? लढा कुठाय यात? मूठ कुठाय? आमचा नेता कुठाय?

दोस्तहो, हा आवाज ओळखीचा वाटतोय ना? आपल्यातल्या एखाद्या पोरानं नुसते रंग लावले, नुसत्या रेघा ओढल्या, तर आपण त्याला काय विचारतो? यात बाबासाहेब कुठं आहेत? यात जयभीम कुठाय? आणि ते पोरगं मान खाली घालून घरी जातं. प्रस्थापित त्याला म्हणतो, तू दलित, तेव्हा तुझं दुःख काढ, तेवढंच विकत घेतो. आपण म्हणतो, तू दलित, तेव्हा आपला झेंडा काढ, नाहीतर तू आपला नाहीस. दोघांनी मिळून त्याला एकाच चौकटीत ठोकलं. खिळे तेवढे वेगवेगळे.

आता त्या हाडांकडे परत बघा. हॅमन्स हार्लेमच्या न्हाव्यांच्या दुकानातून काळ्यांचे केस गोळा करायचा. रस्त्यावर पडलेलं उचलायचा. ज्याला समाज उकिरड्यावर टाकतो तेच त्यानं ५७ व्या रस्त्याच्या पांढऱ्या भिंतीवर ठोकलं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढली त्या आपल्याला हाडाचा अर्थ कुणी समजावून सांगावा? त्या प्रदर्शनात मूठ दिसत नव्हती, पण सगळी वस्ती भिंतीवर लागली होती.

दुसरी चित्रकार, सेंगा नेंगुडी. तिनं बायकांचे नायलॉनचे लांब पायमोजे घेतले, वापरलेले, ताणलेले. त्यात वाळू भरली, भिंतीला बांधले, ताणले, लोंबकळत ठेवले. १९७७ साली ते जॅममध्ये लागले. तिला मुलं झाली होती. पोटुशा बाईचं अंग कसं ताणतं, ढिलं पडतं, पुन्हा उभं राहतं, ते तिला त्या मोज्यात दिसलं. तिथं चेहरा नाही, नाव नाही, नुसता ताण आहे. चाळीतल्या, झोपडीतल्या कुठल्याही बाईला तो बघून पोटात कळ येईल. तिला समीक्षक लागणार नाही.

तिसरी, हॉवर्डिना पिंडेल. ही गोल काढायची. कागदाला भोकं पाडायच्या यंत्रातून पडलेल्या हजारो टिकल्या कॅनव्हासवर चिकटवायची. नुसती अमूर्त चित्रं. काळ्यांच्याच एका संस्थेतून तिला ऐकवलं गेलं की जा, तिकडं गोऱ्या पोरांबरोबर लाव तुझं. आता हा गोल कुठून आला, हे तिनंच सांगितलंय. लहानपणी बापाबरोबर मोटारीनं जाताना ते वाटेत एका टपरीवर थंड प्यायला थांबले. मग उलटा करून बघितला तर त्याच्या बुडाला लाल गोल. कशासाठी? तर हा मग काळ्यांचा, हे ओळखू यावं म्हणून. गोऱ्यांच्या मगाला गोल नाही.

बघा. आपल्या गावच्या हॉटेलात वळचणीला ठेवलेली ती वेगळी कपबशी आठवली का कुणाला? त्या बाईनं जन्मभर तो गोल काढला. आपल्याच माणसांनी तिला सांगितलं की यात आपलं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुःख कुठल्या आकारात येईल हे कार्यकारिणीत ठराव करून ठरवता येत नाही. लिंडा ब्रायंटचं मोठेपण यात आहे. तिनं गोऱ्यांकडून भिंत हिसकावली आणि आपल्या लोकांकडून त्या भिंतीचं स्वातंत्र्य हिसकावलं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं. जॅममध्ये रविवारी खाणंपिणं ठेवून चर्चा घडवल्या, भांडणं होऊ दिली. १९७८ साली तिनं मार्सी फिलिप्सबरोबर ‘कॉन्टेक्स्चर्स’ नावाचं पुस्तक काढलं आणि या नव्या कामाची मांडणी स्वतः केली. समीक्षक आपल्याबद्दल कधी लिहील म्हणून वाट बघत बसली नाही.

आणि टीका? टीका दारातून आत आली, तीही वाजतगाजत. ५ जून १९८० ची रात्र. जॅम तेव्हा नव्या जागेत, फ्रँकलिन स्ट्रीटवर गेली होती. उद्घाटनाला लोक जमलेले. एवढ्यात एक बाई आत शिरली. डोक्यावर मुकुट, अंगात पांढऱ्या हातमोज्यांच्या १८० जोड्या शिवून केलेला झगा, हातात पांढऱ्या शेवंतीनं मढवलेला चाबूक. हसत हसत तिनं सगळ्यांना फुलं वाटली. फुलं संपली, नुसता चाबूक उरला. मग तो तिनं स्वतःच्याच पाठीवर ओढायला सुरुवात केली आणि ओरडून सांगितलं की काळ्यांच्या कलेनं आता ही सभ्य हातमोज्यांची भाषा सोडावी, जास्त धोका पत्करावा.

ही लोरेन ओ’ग्रेडी. परकी नव्हती. जॅमसाठी फुकट राबणारी, घरचीच. आणि चाबूक कुणावर? आपल्याच चित्रकारांच्या शिष्टपणावर. आता आपल्याकडच्या एखाद्या संमेलनात असं झालं असतं तर? चार कार्यकर्ते धावले असते, बाईला हात धरून बाहेर काढलं असतं, दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं असतं की ही प्रतिक्रांतीची दलाल. जॅमनं काय केलं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिलाच प्रयोग करायला जागा दिली. टीका करणाऱ्याला दार दाखवणारी चळवळ आणि टीका करणाऱ्याला भिंत देणारी चळवळ, यातली कोणती जास्त दिवस जगते, याचा विचार करा.

आता पैशाकडे येऊ. क्रांतीच्या गप्पांत आपण भाड्याची पावती विसरतो. घरमालक विसरत नाही.

जॅमची कथा ही थकलेल्या भाड्याची कथा आहे. तिथली कामं विकणं अवघड. तेलकट पिशवी कोण शेटजी दिवाणखान्यात लावणार? गोरे गिऱ्हाईक येत नव्हतं आणि काळ्या मध्यमवर्गाला ओळखीचे चेहरे असलेली चित्रं पाहिजे होती. सरकारी कलानिधीतून काही अनुदान मिळायचं, बाकी उधारी. ५७ वा रस्ता सुटला. १९८० मध्ये फ्रँकलिन स्ट्रीट. १९८४ मध्ये ब्रॉडवे. बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखी गॅलरी फिरली. तोवर त्या भागातली भाडीही चढली. आधी चित्रकार पडीक गोदामात राहायला येतात, मग हॉटेलं येतात, मग पैसेवाले येतात आणि चित्रकार बाहेर. आपल्या गिरणगावाचं काय झालं ते बघितलेल्यांना मी हे वेगळं सांगत नाही. १९८१ पासून रेगनचं राज्य, कलेच्या सरकारी पैशाला कात्री. १९८६ मध्ये जॅम बंद.

या बारा वर्षांत बाईनं आणखी एक शहाणपणाचं काम केलं. चित्रकारांना धंदा शिकवला. करार कसा वाचायचा, किंमत कशी लावायची, अनुदानाचा अर्ज कसा करायचा, याचे वर्ग घेतले. आपल्याकडे पैशाचं नाव काढलं की विटाळ होतो. कवीनं मानधन मागितलं की तो विकला गेला म्हणतात. अरे, पिढ्यान्पिढ्या फुकट राबवून घेतलेली माणसं आपण. वेठबिगार मोडली ती पुन्हा कलेच्या नावानं करायची?

हॅमन्सनं तर धंद्याचीच टर उडवली. १९८३ च्या हिवाळ्यात तो न्यूयॉर्कच्या फुटपाथवर चादर पसरून बसला, इतर फेरीवाल्यांच्या रांगेत. चादरीवर बर्फाचे गोळे मांडले, लहान ते मोठे, ओळीत. आणि विकायला सुरुवात केली. उन्हात वितळणारा माल! किंमत म्हणजे काय, ती कोण ठरवतो, हा प्रश्न त्यानं कुठल्याही प्राध्यापकापेक्षा सोप्या भाषेत विचारला. २०१३ साली याच हॅमन्सचं एक काम लिलावात ८० लाख डॉलरला गेलं. ज्या भिंतीवर तो उभा राहिला ती भिंत महिन्याच्या ३०० डॉलरसाठी धापा टाकत होती.

शेवटचा अंक ऐका. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॅमवर मोठं प्रदर्शन उघडलं. ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत चाललं. पिशव्या, मोजे, हातमोज्यांचा झगा, आणि त्याबरोबर जॅमची थकलेली बिलं, तगाद्याची पत्रं. तीसुद्धा भिंतीवर. हे म्युझियम ५३ व्या रस्त्यावर आहे. जॅम ५७ व्या रस्त्यावर होती. मधे चार रस्ते. पायी पाच-सात मिनिटं. तेवढं अंतर तोडायला ४८ वर्षं लागली. जिवंतपणी जी बिलं कुणी भरली नाहीत ती मेल्यावर काचेत बघायला रांग लागली. लिंडा ब्रायंट त्या दालनात उभी राहिली, हे मानाचं आहे. मी ते नाकारत नाही. पण हाराची वाट बघत मरायचं, हा काही कार्यक्रम होऊ शकत नाही.

तर मग आपण काय करायचं?

साहित्यात आपण हे केलंय. प्रस्थापित मासिकांची दारं बंद होती तेव्हा १९६७ साली गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत ‘अस्मिता’ सुरू केलं, त्याचं पुढं ‘अस्मितादर्श’ झालं. मग मुंबईत, पुण्यात, विदर्भात अनियतकालिकं निघाली, पोरांनी पदरमोड करून सायक्लोस्टाइल केलेली. कागद आपला, शाई आपली, म्हणून भाषा आपली राहिली. दलित कविता कुणाच्या मेहेरबानीनं आली नाही, कागदाच्या ताब्यातून आली. चित्रांच्या बाबतीत तो ताबा अजून घ्यायचाय.

चित्रं आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला जाऊन बघा. बुद्धाची, बाबासाहेबांची, जोतिबांची, सावित्रीमाईंची चित्रं, कॅलेंडरं, पुतळे फुटपाथवर मांडलेले असतात. लाखो माणसं ती बघतात, घासाघीस करतात, छातीशी धरून खेड्यात नेतात. भाकरी बांधून आलेली म्हातारी तिथं आपलं चित्र निवडते. एवढं मोठं, एवढं खुलं प्रदर्शन कुठल्या गॅलरीला जमलंय? बघणारा समाज तयार आहे. त्याला वर्षभर जायला जागा नाही, आणि ओळखीच्या चेहऱ्यापलीकडचं चित्र त्याच्यासमोर कुणी ठेवलेलं नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगून थांबतो.

एक. भिंत मिळवा. विहारातला हॉल असेल, वाचनालयाची मागची खोली असेल, युनियनचं ऑफिस असेल. चुना लावा, दोन दिवे टांगा, महिन्याला एक चित्रकार लावा. दारावर पाटी लावा आणि लोकांना आत बोलवा.

दोन. त्या भिंतीवर पहारा ठेवू नका. आपलं पोरगं मूठ काढेल, त्याला लावा. नुसता लाल गोल काढेल, त्यालाही लावा. कळलं नाही तर त्याच्यासमोर बसून भांडा, पण खिळ्यावरून चित्र काढू नका. आणि कुणी बाई चाबूक घेऊन आली तर तिला पुढची तारीख द्या.

तीन. भाड्याची वही ठेवा. पंचवीस माणसांनी महिन्याचे ठरावीक पैसे आधी टाकायचे, मग उद्घाटनाचं बोलायचं. चित्रकाराला त्याचा वाटा रोख द्यायचा. जॅमला कल्पना कमी पडल्या नाहीत, धाडस कमी पडलं नाही, महिन्याची पहिली तारीख जड गेली. एका बाईच्या खांद्यावर तो सगळा भार होता. ज्या समाजासाठी ती भिंत उभी होती त्यानं तो वाटून घेतला असता, तर ४८ वर्षांनी दुसऱ्याच्या घरात आपली बिलं बघायची पाळी आली नसती.

सुरुवातीला हसलेले मित्र आता हसत नाहीत असं दिसतंय. बरं झालं. सभा संपल्यावर त्यांनीच वही घेऊन दाराशी बसावं.

जय भीम.